चालती वर्षे

निवृत्तीला वर्ष उरले असताना मी दोनशे पानी एक वही आणली आणि तिच्या पहिल्या पानावर ‘प्रवास’ एवढाच शब्द लिहिला. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे प्रत्येक ठिकाणापुढे योग्य महिना, अंदाजे खर्च, लागणारी कागदपत्रे आणि कोणाबरोबर जायचे असे चार रकाने मी पट्टीने आखले होते. २०२० सालासाठी दोनच नोंदी होत्या. मे महिन्यात चारधाम आणि जुलैमध्ये मेलबर्न. चारधामला आमचा ठाण्यातल्या कचराळी तलावाभोवती सकाळी फिरणारा गट जाणार होता, एकूण अकरा माणसे, आणि यात्रा कंपनीकडे आगाऊ रक्कम जानेवारीतच भरून झाली होती. मेलबर्नला लेक आणि जावई असतात. लेकीचे दिवस ऑगस्टमध्ये भरत होते आणि पहिल्या बाळंतपणाला आईने जवळ असायचे, हे आमच्या दोघींमध्ये कधी बोलावेही लागले नव्हते.

त्यानंतर कोरोनाची साथ आली. २० मार्च २०२० रोजी ऑस्ट्रेलियाने परदेशी नागरिकांसाठी सीमा बंद केल्या, दोन-तीन दिवसांत आपल्याकडची आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली आणि २५ मार्चपासून सगळा देशच घरात बसला. बँका मात्र सुरू होत्या. नौपाड्यातल्या घरापासून शाखेपर्यंतच्या निर्मनुष्य गोखले रस्त्यावरून मी ओळखपत्र गळ्यात घालून जात राहिले आणि ३० एप्रिलला, तोंडाला मास्क लावलेल्या चार सहकाऱ्यांसमोर, किल्ल्या सुपूर्द करून निवृत्त झाले. घरी येऊन वही उघडली. दोन्ही नोंदींपुढे पेन्सिलीने ‘पुढील वर्षी’ असे लिहिले. ते शब्द मी किती सहज लिहिले होते, याची आठवण आजही मला बोचते.

नात ऑगस्टमध्ये जन्मली, तेव्हा मेलबर्नमध्ये रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी होती आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जाण्याची मुभा नव्हती. खाण्याचे जिन्नस तिकडे पाठवायचे तर त्यांचे नियम फार कडक, म्हणून डिंकाचे लाडू मी फोनच्या पडद्यावरून सांगितले आणि जावयाने ते केले. डिंक तुपात फुलला की नाही, हे मला दिसत नव्हते. फक्त आवाज ऐकू येत होता. तो आवाज ऐकून मी ‘आता काढा’ म्हणाले. लेकीलाही इकडे येता येणार नव्हते, कारण ऑस्ट्रेलियाने आपल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाही विशेष परवानगीखेरीज देशाबाहेर जाण्यास मनाई केली होती. दोन्ही बाजूंनी दार बंद असले म्हणजे कोणाकडे दाद मागावी, हेच समजत नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या मारायचो. ह्यांची सारी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत गेली. एका संध्याकाळी गच्चीचा कठडा धरून उभे राहिलेले असताना ते म्हणाले, “यंत्र किती सालचं आहे हे आम्ही कधी विचारत नसू, किती तास चाललं आहे ते विचारायचो. माणसाचंही तसंच असतं. जगायची वर्षं वेगळी आणि चालती वर्षं वेगळी.” तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते, मधुमेह दहा वर्षांचा जुना, आणि डाव्या गुडघ्याने नुकतीच कुरकुर सुरू केली होती. मी मनाशी हिशेब केला. सत्तरीपर्यंत अशी सहा चालती वर्षे धरली, तर त्यातले एक आमच्या डोळ्यांदेखत गच्चीवर गोल फिरण्यात संपत होते. पस्तिशीच्या माणसाचेही ते वर्ष वाया गेले, पण त्याच्या खात्यात अजून बरीच शिल्लक होती. ‘सगळ्यांचंच वर्ष गेलं’ असे लोक समजुतीने म्हणत, ते मला पटत नसे. वर्ष सगळ्यांचे सारखे गेले नव्हते.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली. आम्ही दोघांनी एकाच दिवसाची वेळ घेतली होती, परंतु आदल्या रात्री ह्यांना थोडी कणकण वाटली म्हणून मी एकटीच गेले आणि मला कोविशील्ड मिळाली. आठ दिवसांनी ह्यांना दुसऱ्या केंद्रावर वेळ मिळाली आणि त्या दिवशी तिथे कोव्हॅक्सिन होती. दंडाला कापूस दाबून धरलेल्या अवस्थेत ते समाधानाने घरी आले. कोणती लस, हा प्रश्न आम्हाला त्या वेळी महत्त्वाचा वाटला नाही आणि वाटण्याचे कारणही नव्हते. मिळाली हेच मोठे होते.

एप्रिलमध्ये आमच्या गटातले सर्वांत उत्साही गृहस्थ गेले. चारधामची सगळी जुळवाजुळव त्यांनीच केली होती, कोणाला घोडा लागेल, कोणाला डोली, याची यादी त्यांच्या खिशात असे. पहिला डोस घेऊन त्यांना आठच दिवस झाले होते. पुढे महिन्याभराने यात्रा कंपनीकडून त्यांच्या नावे पत्र आले की, भरलेली रक्कम परत मिळणार नाही, मात्र ती पुढच्या यात्रेसाठी ठरावीक मुदतीपर्यंत जमा राहील. वहिनींनी ते पत्र मला वाचायला दिले, कारण असल्या कागदांचे मला समजते असा त्यांचा विश्वास होता. मी ते दोनदा वाचले. कंपनीशी पुढे चार महिने मी पत्रव्यवहार केला आणि ती रक्कम वहिनींच्या नावावर, मुदत वाढवून, करून घेतली. बँकेतल्या नोकरीचा निवृत्तीनंतर मला झालेला तो सर्वांत मोठा उपयोग.

प्रवासासाठी लसीची अट घालावी का, यावर त्या वर्षी आमच्या तलावाकाठी पुष्कळ चर्चा होई. एक-दोघांना ती जुलमाची वाटे. मला ती अट कधीही जाचक वाटली नाही, आणि त्यामागे ती रिकामी झालेली अकराव्या माणसाची जागा आहे. विमानात किंवा रेल्वेच्या डब्यात आपण इतरांच्या श्वासात बसतो. तिथे शिरताना आपण आपल्या बाजूने करता येईल तेवढे केले आहे, असे सांगणारा कागद दाखवण्यात कमीपणा नाही. माझी तक्रार अटीविषयी नव्हती. ती अट पुरी करण्याचे नियम ज्या वेगाने बदलत होते, त्या वेगाशी म्हातारपणाची चाल जुळत नव्हती, हे माझे दुःख होते. माझ्या दुसऱ्या डोसचेच पाहा. पहिला घेतला तेव्हा चार ते सहा आठवड्यांनी या असे सांगितले होते, मार्चअखेरीस ते अंतर सहा ते आठ आठवडे झाले, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. मधल्या काळात केंद्रांवर लसच नसे. ह्यांचे दोन्ही डोस एप्रिलमध्ये पुरे झाले, माझा दुसरा जूनमध्ये झाला.

प्रवासाची पहिली परवानगी मात्र घराजवळच मिळाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून, दुसरा डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलने जाण्याची मुभा देण्यात आली. ठाणे स्टेशनबाहेरच्या मदतकक्षात प्रमाणपत्र आणि आधार कार्ड तपासून त्यांवर शिक्का मारून मिळे आणि तो कागद दाखवला की खिडकीवर मासिक पास देत. एका दिवसाचे तिकीट मिळत नव्हते. मला दादरला बहिणीकडे एकदाच जायचे होते, तरी मी महिन्याचा पास काढला. सतरा महिन्यांनी लोकलमध्ये बसले. मुलुंड गेले, घाटकोपर गेले, आणि शीवजवळ खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले ते पुसायचे मला सुचले नाही. बहिणीने दार उघडले तेव्हा आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो, कारण मिठी मारावी की नाही हे दोघींनाही ठरवता येत नव्हते.

१ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाने कोविशील्डला मान्यता देण्याचे जाहीर केले. कोव्हॅक्सिनला दिली नाही. त्यानंतर पंधरा दिवसांतच दुसरी बातमी आली: तिथल्या नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या आईवडिलांना १ नोव्हेंबरपासून जवळचे कुटुंबीय धरले जाणार होते. त्याआधीच्या दीड वर्षात त्यांच्या नियमांत जोडीदार आणि लहान मुले कुटुंबात बसत होती, आईवडील बसत नव्हते. ती बातमी वाचून लेकीने रात्री उशिरा फोन केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, “आई, तू तरी ये.”

‘तू तरी’ या दोन शब्दांनी आमच्या घरात पंधरा-वीस दिवस फार अवघड गेले. हे मला रोज समजावत. “मला इथं काय होणार आहे? डबा लावू. तू जाऊन बाळाला मांडीवर घे. मी मागून येईन.” त्यांच्या म्हणण्यात काहीच चूक नव्हते. तरीही मला जावेसे वाटेना. एका रात्री कणकण आली, या एवढ्याशा कारणाने आम्हा दोघांच्या दंडात दोन वेगळ्या कुप्या रिकाम्या झाल्या आणि त्यावरून एक आजी लागू आणि एक आजोबा नाही, असे होत होते. ते मान्य करून विमानात बसणे मला शक्य नव्हते. त्यांच्या प्रमाणपत्रावरही लस घेतल्याची तीच खूण होती. मी नकार दिला. लेक दुखावली असावी. तिने तसे कधी बोलून दाखवले नाही.

१ नोव्हेंबरला वसुबारस होती. मी अंगणवजा जिन्यात रांगोळी घालत असताना हे आतून फोन हातात घेऊन बाहेर आले आणि काही न बोलता तो माझ्यासमोर धरला. ऑस्ट्रेलियाने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली होती. ३ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनेही दिली. चष्मा घरात असल्याने मला अक्षरे नीट दिसत नव्हती, पण ह्यांचा चेहरा दिसत होता, आणि तेवढ्यावर मला सगळे समजले.

कागदपत्रांचे काम मी अंगावर घेतले. कोविनच्या प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक जोडायचा होता आणि नाव पासपोर्टप्रमाणे हवे होते. आमच्या पिढीतल्या बायकांची नावे तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असतात. आधारवर माझे नाव आणि आडनाव, पासपोर्टवर मध्ये ह्यांचे नाव, बँकेच्या जुन्या कागदांवर माहेरचे. दुरुस्ती एकदाच करता येत होती, म्हणून मी प्रत्येक अक्षर पासपोर्टसमोर ठेवून टंकले आणि ह्यांच्याकडून पुन्हा तपासून घेतले. पूर्वी प्रमाणपत्रावर नुसते जन्मवर्ष असे, परदेशी जाणाऱ्यांसाठी आता पूर्ण जन्मतारीख घालण्याची सोय झाली होती. तीही घातली. लेकीच्या जन्मदाखल्याचे इंग्रजी भाषांतर करून, ती आमचीच मुलगी असल्याचा पुरावा म्हणून, अर्जाला जोडले. तो दाखला स्कॅन करताना मनात एक विचार येऊन गेला. तीस वर्षांपूर्वी ठाण्यातच जन्मलेल्या पोरीची आई मी आहे, हे सिद्ध करण्याची वेळ येईल असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मला ते खरे वाटले नसते.

डिसेंबरची तिकिटे काढली आणि २६ नोव्हेंबरला ओमायक्रॉन हे नाव प्रथम कानावर आले. १५ डिसेंबरपासून सुरू होणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा आपल्या सरकारने पुढे ढकलली, मेलबर्नने येणाऱ्या सर्वांना बहात्तर तास विलगीकरण सांगितले. आमच्या मार्गावरचे विमान खरे तर चालू होते. आम्हाला कोणी अडवले नव्हते, आम्हीच घाबरलो. पासष्ट वर्षांचा मधुमेही माणूस तिथे आजारी पडला, तर प्रवास विम्यात काय काय धरले जाते, याची कलमे मी वाचून काढली आणि तारीख बदलून घेतली. जानेवारीत ह्यांना सहव्याधी असल्याने खबरदारीचा तिसरा डोस मिळाला. १६ मार्चपासून साठीवरच्या सर्वांना तो खुला झाला, तेव्हा मीही घेतला. तो ऑस्ट्रेलियाच्या अटीत नव्हता, आमच्या डॉक्टरांच्या अटीत होता.

शेवटी एप्रिल २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, घरी नमुना घ्यायला आलेल्या मुलाला चहा देऊन, त्या चाचणीचा निकाल हाती पडेपर्यंत बॅगा न भरता, आम्ही निघालो. दिल्लीहून थेट विमान होते. तेरा तास बसून ह्यांचा गुडघा सुजला आणि मेलबर्नच्या विमानतळावर त्यांना चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागले. दोन वर्षांपूर्वी तसे झाले नसते.

नात वीस महिन्यांची झाली होती. आमचे चेहरे तिला पाठ होते, आवाजही ओळखीचे होते, त्यामुळे ती बुजली नाही. पण घरात शिरल्यावर ती खाली बसली आणि माझ्या पावलांकडे पाहत राहिली. आजीला पाय असतात, हे तिने कधी पाहिलेच नव्हते. पडद्यावर आम्ही नेहमी छातीपर्यंतच होतो. मग तिने बोट पुढे करून माझ्या जोडव्याला स्पर्श केला, पुन्हा केला, आणि पुढचे तीन महिने रोज सकाळी ती माझी जोडवी आहेत की नाहीत हे तपासून मगच दूध पीत असे. आम्ही तिथेच असताना, ६ जुलैला, ऑस्ट्रेलियाने लसीची अट काढून टाकली. ज्या कागदासाठी आमचे वर्ष गेले होते, तो आता कोणी मागणार नव्हते. मला त्याचा राग आला नाही. वाईट मात्र वाटले, त्या सगळ्या आईवडिलांसाठी, ज्यांची चालती वर्षे अट उठेपर्यंत टिकली नसतील.

परत आल्यावर मी वहीतली यादी पुन्हा लिहिली. पूर्वी ती ओढीच्या क्रमाने होती. जिथे जावेसे सर्वांत जास्त वाटते ते आधी. आता ती पायांच्या क्रमाने लावली. जिथे चढ आहे, विरळ हवा आहे, रात्री कुडकुडावे लागते, ते वर. जिथे खुर्चीत बसून समुद्र पाहता येतो, ते खाली. काशी, म्हैसूर, कोकणातले माहेर, ही सगळी पाने मागे गेली आणि केदारनाथ पहिला आला. माझ्या वयाच्या कोणी विचारले तर मी हेच सांगते, आणि आग्रहाने सांगते, की पैशाची तरतूद पुढेही होते, रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत गेली तरी माणूस काटकसर करून पूर्ण भाडे भरू शकतो, पण उंच ठिकाण पुढे ढकलू नये. ती सवलत, पुरुषांना चाळीस टक्के आणि स्त्रियांना पन्नास, २० मार्च २०२० पासून बंद झाली होती आणि अडीच वर्षांनंतरही परत आली नव्हती. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कितीतरी घरांमध्ये तेवढ्या फरकावरून जायचे की नाही ते ठरते, हे मी बँकेच्या खिडकीतून पाहिले आहे. ती बंद राहावी हे मला अन्यायाचे वाटते.

गटातली सात माणसे उरली होती. वहिनी येणार म्हणाल्या. कंपनीने जमा ठेवलेल्या त्या रकमेत त्यांची जागा होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख ठरली, कारण पाऊस सरलेला असतो आणि देवळाचे दरवाजे बंद व्हायला अवकाश असतो. त्या वर्षी लसीचे प्रमाणपत्र कोणी मागत नव्हते, नोंदणी मात्र सक्तीची होती. ऑगस्टपासून आम्ही पहाटे उपवनपर्यंत जाऊन येऊरचा चढ चढू लागलो. पहिल्या दिवशी हे बरोबर होते. वळणावर थांबले, गुडघ्यावर हात ठेवून काही वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही पुढे व्हा.”

त्या संध्याकाळी मी म्हणाले की, मग या वर्षी केदारनाथ नको, पुढील वर्षी पाहू. ते काही बोलले नाहीत. रात्री वही उघडली तेव्हा केदारनाथपुढच्या ‘कोणाबरोबर’ या रकान्यातला ‘दोघे’ हा शब्द खोडलेला होता आणि शेजारी, कारखान्यातल्या नोंदवहीत लिहीत तशा सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिले होते: ‘ती’. त्या वहीत ह्यांनी त्याआधी एक अक्षरही लिहिले नव्हते. लसीच्या वेळी मी त्यांच्यावाचून जायला नकार दिला होता. तो नकार योग्य होता असे मला अजूनही वाटते. पण तेव्हा आम्हाला एका नियमाने वेगळे केले होते आणि नियम बदलतो. गुडघ्याच्या बाबतीत १ नोव्हेंबर येणार नव्हता, आणि ते त्यांना माझ्या आधी समजले होते.

कल्याणपर्यंत माझी बॅग घेऊन ते लोकलने आले. राजधानी सुटेपर्यंत फलाटावर उभे होते. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटर. वाटेवरचा रामबाडा हा मुक्काम २०१३ च्या पुरात वाहून गेल्यापासून वाट मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या तीराने चढते. वहिनी दर टप्प्यावर थांबून मागे पाहत, आणि त्या कोणाकडे पाहत आहेत ते आम्ही विचारत नव्हतो. संध्याकाळी देवळासमोर पोहोचलो तेव्हा बोटे गारठली होती. फोन लागला, चित्रही आले, नौपाड्याच्या घरातली आमची भिंत आणि भिंतीपुढे ह्यांचा चेहरा.

मी फोन फिरवून त्यांना शिखर दाखवले, देऊळ दाखवले. त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, “आता पाय दाखव.”

मी फोन खाली केला. बुटांना चिखल लागला होता. एक बूट काढून मोजाही खाली सरकवला.

“सूज नाही ना?”

“नाही.”

“मग उद्या उतरताना काठी उजव्या हातात धर,” ते म्हणाले, “आणि वहिनींना पुढे ठेव, मागे नको.”